घरातलं चित्र हे हरवलेलं मूळ चित्र असू शकतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"हरवलेलं चित्र" नेमकं कशाला म्हणायचं?

ज्याची कुठेतरी नोंद आहे, पण आज ते कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नाही, असं चित्र. ही नोंद चित्रकाराच्या पत्रात असेल, गिऱ्हाइकाच्या हिशेबवहीत असेल, कुणाच्या मृत्यूनंतर केलेल्या मालमत्तेच्या यादीत, प्रदर्शनाच्या किंवा लिलावाच्या कॅटलॉगमध्ये, एखाद्या कृष्णधवल फोटोत किंवा त्या चित्रावरून केलेल्या एनग्रेव्हिंगमध्ये (धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या प्रतीत) असेल. मोठ्या चित्रकारांच्या कॅटलॉग रेझोनेमध्ये, म्हणजे त्यांच्या सगळ्या ज्ञात कामांच्या सटीप सूचीत, "ठावठिकाणा अज्ञात" असा शेरा असलेल्या नोंदी हमखास सापडतात. शोधाची सुरुवात तिथून करावी. नोंदच नसेल, तर तुमचं चित्र "आजवर अज्ञात" या गटात जातं आणि ते सिद्ध करणं कितीतरी कठीण, कारण पडताळायला समोर काहीच नसतं.

पहिल्यांदा काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही?

पुसायचं नाही. ओलं फडकं, कापलेला बटाटा, पाव, लाळ, स्पिरिट यातलं काहीही नाही. जुन्या वॉर्निशचा थर, त्यावरची धूळ, मागचा मळकट कागद हा सगळा पुरावा आहे, आणि एकदा गेला की परत येत नाही. नवी चौकट बसवून घेण्याचा मोहही आवरावा. चौकट बदलताना जुने खिळे, चिकटवलेल्या चिठ्ठ्या आणि मागचा पुठ्ठा सर्रास टाकून दिला जातो.

आधी मोजमाप घ्या. चौकटीबाहेर काढलेल्या चित्राची उंची आणि रुंदी, दोन्ही तीन-तीन ठिकाणी, मिलिमीटरमध्ये, उंची आधी लिहून. मग फोटो: समोरून पूर्ण, मागून पूर्ण, चारही कडा, प्रत्येक चिठ्ठी, शिक्का, आकडा, आणि सही. शेजारी मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवा. त्यानंतर खोली अंधारी करून दिवा चित्राच्या पातळीला जवळजवळ समांतर धरा आणि चारही बाजूंनी एकेक फोटो घ्या. अशा तिरप्या उजेडात रंगाचे उंचवटे, ठिगळं आणि खालच्या जुन्या चित्राच्या ब्रशखुणा उठून दिसतात. रंगाचे पोपडे सुटत असतील तर चित्र पालथं घालू नका आणि चौकटही काढू नका. हे काम संवर्धकाकडून करून घ्या.

मागच्या बाजूला काय शोधायचं?

समोरची बाजू फसवण्यासाठी रंगवलेली असू शकते. मागची बाजू फसवण्याचे कष्ट फार थोडे जण नीट घेतात, म्हणून अर्धा तास जास्त तिथे घालवा.

कॅनव्हास स्ट्रेचरला (ज्यावर तो ताणतात त्या लाकडी सांगाड्याला) कशाने ठोकला आहे ते पाहा. जुन्या चित्रांना हाताने किंवा यंत्राने केलेले टाचखिळे असतात. स्टेपलच्या पिना विसाव्या शतकाच्या मध्यापासून सर्रास दिसू लागल्या. मात्र चित्र नव्याने ताणलं गेलं असेल तर पिना नव्या आणि कॅनव्हास जुना असं होऊ शकतं, तेव्हा आधीच्या खिळ्यांची रिकामी, गंजाचे डाग पडलेली भोकं मोजा. कोपऱ्यात पाचरी ठोकून ताण वाढवता येणारे स्ट्रेचर अठराव्या शतकाच्या मध्यापासूनचे. कॅनव्हासवर विक्रेत्याचा शिक्का असेल तर त्यावरचा पत्ता महत्त्वाचा: दुकानं जागा बदलत, आणि कुठल्या पत्त्यावर कोणत्या वर्षांत होती हे कळलं की कॅनव्हास कधीच्या आधीचा नाही ते ठरतं. ब्रिटिश विक्रेत्यांची अशी सविस्तर सूची लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या संकेतस्थळावर आहे. स्ट्रेचरवर काळ्या शाईत स्टेन्सिलने उमटवलेली अक्षरं आणि आकडे दिसले तर तो लिलावगृहाचा साठा क्रमांक असण्याची शक्यता दाट असते. त्यावरून लिलावाची तारीख निघू शकते.

एक आकडा काय करू शकतो याचं उत्तम उदाहरण म्हणजे व्हॅन गॉगचं "सनसेट अ‍ॅट माँमाजूर". हे चित्र खोटं समजून एका नॉर्वेजियन घराच्या माळ्यावर पडून होतं. १९९१ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयानेही ते नाकारलं होतं. पुढच्या तपासात मागचा १८० हा आकडा चित्रकाराचा भाऊ थिओ याच्या संग्रहाच्या १८९० मधल्या यादीशी जुळला, १८८८ च्या जुलैमधल्या पत्रातलं वर्णन या जागेशी जुळलं, रंगद्रव्यं व्हॅन गॉगच्या फ्रान्समधल्या आर्ल इथल्या कामातल्या रंगांशी जुळली, आणि २०१३ मध्ये त्याच संग्रहालयाने ते अस्सल म्हणून जाहीर केलं.

चिठ्ठ्या मात्र बनावटही असतात. वोल्फगांग बेल्ट्राकी या जर्मन नकलाकाराने आपल्या चित्रांमागे कलाव्यापारी फ्लेश्टहाइम यांच्या संग्रहाच्या खोट्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. चिठ्ठी सापडली की त्याच संस्थेची, त्याच काळातली, निःसंशय अस्सल चिठ्ठी शोधून टाइप, कागद आणि मजकूर शेजारी ठेवून पाहावा.

हे मुळात रंगवलेलं आहे की छापलेलं?

दहापट भिंगाने ठरतं. सारख्या अंतरावरचे रंगीत ठिपके म्हणजे ऑफसेट छपाई. वेडेवाकडे दाणेदार ठिपके, आणि अनेक रंग एकमेकांवर चढलेले, म्हणजे बहुधा क्रोमोलिथोग्राफ (दगडावरून केलेली जुनी रंगीत छपाई). कॉलोटाइपमध्ये (जिलेटिनच्या थरावरून केलेल्या जुन्या छपाईत) ठिपके नसतात, बारीक सुरकुतलेली जाळी दिसते, म्हणून ती सगळ्यात जास्त फसवते. छापील प्रत कॅनव्हासवर चिकटवून वर पारदर्शक वॉर्निशचे ब्रशचे फटकारे मारलेले असतात तेव्हा एकच गोष्ट तपासा: उंचवट्याची दिशा खालच्या रंगाच्या सीमेशी जुळते का? खऱ्या चित्रात फटकारा आणि रंग एकत्रच संपतात.

सही आहे. मग प्रश्न कुठे उरला?

सही हा सगळ्यात स्वस्त पुरावा. निनावी जुन्या चित्रावर नंतर चढवलेली सही नेहमी आढळते. सूक्ष्मदर्शकाखाली सहीच्या रेषेतून जाणारी भेग पाहा. सही चित्राच्या वेळची असेल तर भेग सहीलाही तोडून जाते, दोन्ही काठ कोरडे आणि धारदार दिसतात. सही नंतरची असेल तर तिचा रंग भेगेत ओघळून आत साचलेला दिसतो. सही वॉर्निशच्या थरावर तरंगते आहे का, हेही पाहावं. अतिनील उजेडात ते सहज कळतं. स्पेलिंगही वाचा, आणि सावकाश वाचा: न्यूयॉर्कच्या नोडलर गॅलरीतून विकल्या गेलेल्या बनावट चित्रांपैकी एकावर अमेरिकन चित्रकार पोलॉकच्या सहीतलं एक अक्षरच गळलेलं होतं.

मालकीची साखळी कशी जोडायची?

आजपासून मागे जा. प्रत्येक कडीसाठी चार गोष्टी लिहा: मालक, कधीपासून कधीपर्यंत, चित्र कसं मिळालं, आणि त्याचा पुरावा. "आजोबांनी परदेशातून आणलं" ही सांगोवांगी. ती लिहून ठेवा, पण पुराव्याच्या रकान्यात भरू नका. विम्याचे कागद, मृत्युपत्र, वाटणीपत्र, दुकानाची पावती, भिंतीवर हे चित्र दिसणारा घरगुती फोटो, हे पुरावे.

घराबाहेर शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत. द हेगमधली आरकेडी ही संस्था आणि लंडनच्या कोर्टोल्डमधली विट लायब्ररी येथे चित्रकारांच्या नावाने लावलेल्या चित्रांच्या फोटोंचे प्रचंड संग्रह आहेत. गेटी संशोधन संस्थेच्या प्रोव्हेनन्स इंडेक्समध्ये जुने लिलाव आणि मालमत्तेच्या याद्या शोधता येतात. जर्मन भाषेतले लिलावाचे कॅटलॉग हायडेलबर्ग विद्यापीठाने डिजिटल रूपात खुले केले आहेत. रेखाचित्राच्या कोपऱ्यात छोटा शिक्का असेल तर तो संग्राहकाचा असू शकतो; त्यासाठी फ्रिट्स लुख्त यांनी १९२१ मध्ये सुरू केलेली शिक्क्यांची सूची आता ऑनलाइन आहे.

शोधताना चित्रकाराच्या नावाला चिकटून राहू नका. काराव्हाजोचं "ख्रिस्ताला अटक" हे चित्र याच कारणाने हरवलं. १८०२ मध्ये रोममधल्या मात्तेई घराण्याने ते विकलं तेव्हाच त्यावर होन्टहॉर्स्ट या डच चित्रकाराचं नाव लागलं होतं. पुढे ते स्कॉटलंडमार्गे डब्लिनमधल्या जेझुइट धर्मगुरूंच्या निवासात पोहोचलं आणि त्याच चुकीच्या नावाने भिंतीवर राहिलं. १९९० मध्ये आयर्लंडच्या नॅशनल गॅलरीतले संवर्धक सेर्जो बेनेदेत्ती यांना ते दिसलं. ते पक्कं ठरलं त्यात मात्तेईंच्या हिशेबवहीचा मोठा वाटा होता. त्यात जानेवारी १६०३ मध्ये काराव्हाजोला १२५ स्कूदी (तेव्हाची रोममधली नाणी) दिल्याची नोंद आहे. म्हणून विषय, मोजमाप आणि मालक या तिन्हींवरून शोधा, चित्रकाराचं नाव शेवटी.

साखळी जास्तच गुळगुळीत असेल तरी थांबा. जॉन ड्र्यू या ब्रिटिश ठगाने चित्रकार जॉन मायट याच्या नकलांसाठी ब्रिटिश संस्थांच्या अभिलेखागारात शिरून जुन्या कागदांत खोटे कागद मिसळले. १९९९ मध्ये त्याला शिक्षा झाली. कागद अभिलेखागारात सापडला एवढ्याने तो खरा ठरत नाही. त्याच गठ्ठ्यातल्या इतर कागदांशी कागद, शाई आणि क्रमांक जुळायला हवेत. आणि "मालकाला नाव गुप्त ठेवायचं आहे" या एका वाक्यावर उभी असलेली साखळी म्हणजे साखळीच नाही.

जुन्या नोंदीशी माझं चित्र कसं जुळवू?

मोजमापात फसायला होतं. जुन्या नोंदी स्थानिक एककांत असतात (फ्रेंच पूस म्हणजे सुमारे २.७ सेंटिमीटर), काहींत रुंदी आधी लिहिलेली असते, काहींत चौकटीसकट माप असतं. चित्र कापलं गेलं असेल तर तेही कळतं. ताणलेल्या कॅनव्हासचे धागे खिळ्यांपाशी लाटेसारखे वळतात आणि रंगाआधी वर दिलेला अस्तराचा लेप सुकल्यावर तसेच राहतात. एखाद्या कडेला ही लाट नसेल तर ती कड कापली गेली असण्याची शक्यता आहे.

जुना फोटो हाती असेल तर विषय, चेहरे, कपडे हे सगळं बाजूला ठेवा, कारण नकलाकार तेच तर उतरवतो. त्याला उतरवता येत नाहीत ते अपघात: भेगांची जाळी, एखादा ओरखडा, रंगाचा जाड थेंब, ब्रशचा अडकलेला केस. फोटो आणि चित्र एकाच मापाला आणून, आकाश किंवा गडद पार्श्वभूमीचा तुकडा निवडून, भेगेला भेग जुळते का ते पाहा. जुळली तर ते तेच चित्र. जुळली नाही तर फोटो दुरुस्तीच्या आधीचा आहे का हे तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. एनग्रेव्हिंगशी तुलना करताना ते बहुतेकदा उलटं, आरशातल्यासारखं छापलेलं असतं हे लक्षात ठेवा. तुमचं चित्र एनग्रेव्हिंगच्या दिशेशी जुळत असेल, तर ते एनग्रेव्हिंगवरून केलेली नक्कल असण्याचा संशय आधी घ्यावा.

प्रयोगशाळेतल्या तपासण्या कोणत्या क्रमाने कराव्यात?

चित्राला हात न लावणाऱ्या आधी, नमुना काढाव्या लागणाऱ्या शेवटी. प्रत्येक पायरीवर "इथेच उत्तर मिळालं का?" असं विचारायचं.

अतिनील दिवा (३६५ नॅनोमीटर) सगळ्यात आधी. जुनं नैसर्गिक राळेचं वॉर्निश हिरवट चमकतं, नंतरची डागडुजी त्यावर काळसर डागांसारखी दिसते. सगळं चित्र एकसारखं हिरवट आणि धूसर दिसलं तर आनंद मानू नका. खालचं दिसू नये म्हणून मुद्दाम चढवलेलं वॉर्निशही असंच दिसतं.

इन्फ्रारेड कॅमेरा रंगाखालचं रेखाटन दाखवतो, पण ते कोळशासारख्या कार्बनयुक्त साधनाने काढलेलं असेल तरच. लाल खडूचं रेखाटन त्यात जवळजवळ नाहीसं होतं, त्यामुळे "खाली रेखाटन नाही" हा निष्कर्ष घाईचा ठरतो. क्ष-किरणांत शिशाचा पांढरा रंग उजळ दिसतो आणि काम चालू असताना केलेले बदल उघडे पडतात. असे बदल मूळ कामाच्या बाजूने बोलतात, कारण नक्कल करणाऱ्याला हात कुठे ठेवायचा हे आधीच माहीत असतं. पण चित्रकार स्वतःच्या चित्राच्या प्रती काढत, आणि त्या प्रती बदलाविना असू शकतात. क्ष-किरणांच्या प्रतिमेवरून कॅनव्हासचे दर सेंटिमीटरला किती धागे आहेत हेही मोजतात. व्हॅन गॉगच्या बाबतीत दोन कॅनव्हास कापडाच्या एकाच ताग्यातून कापलेले आहेत इथपर्यंत या मोजणीने पोहोचता आलं आहे.

एक्सआरएफ (क्ष-किरण प्रतिदीप्ती) यंत्र रंगातली मूलद्रव्यं सांगतं. इथली नेहमीची चूक अशी: यंत्र सगळ्या थरांचं एकत्र उत्तर देतं. टायटॅनियम दिसलं म्हणून चित्र बनावट ठरत नाही. ते वरच्या डागडुजीत असू शकतं, किंवा मातीच्या रंगातली अशुद्धी असू शकते. म्हणून रंगाच्या तुकड्याचा आडवा छेद घ्यावा लागतो. अर्ध्या मिलिमीटरहून लहान कण, आधीच्या भेगेच्या काठावरून किंवा कडेवरून, राळेत बसवून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली थर मोजतात. संशयास्पद रंगद्रव्य मूळ थरात आहे की वरच्या, हे तिथे दिसतं. नमुना कुठून घ्यायचा हे अतिनील फोटो पाहून ठरवायचं असतं. डागडुजीतून घेतलेला नमुना डागडुजीचीच तारीख सांगेल.

कोणत्या रंगाने तारीख सांगता येते?

प्रशियन निळा अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात बर्लिनमध्ये सापडला. कोबाल्ट निळा १८०२. कृत्रिम अल्ट्रामरीन १८२० च्या दशकाच्या अखेरीस. कॅडमियम पिवळा १८४० च्या दशकापासून. टायटॅनियम पांढरा १९१६ ते १९२१ च्या सुमारास बाजारात आला. थॅलोसायनिन निळा १९३५ च्या आसपास. अ‍ॅक्रिलिक माध्यम दुसऱ्या महायुद्धानंतरचं. कँपेनडोंक या जर्मन चित्रकाराचं १९१४ चं काम म्हणून विकलेलं बेल्ट्राकीचं चित्र टायटॅनियम पांढऱ्यामुळे उघडं पडलं. त्याने वापरलेल्या झिंक पांढऱ्याच्या ट्यूबमध्ये ते मिसळलेलं होतं, पण ट्यूबवर तसं लिहिलेलं नव्हतं.

उलट दिशेने उपयोगी पडणारा एक रंग म्हणजे शिसे आणि कथिलाचा पिवळा. तो १७५० च्या सुमारास वापरातून गेला आणि १९४१ मध्ये पुन्हा ओळखला गेला. मधल्या काळातल्या नकलाकाराला तो माहीतच नव्हता, म्हणून मूळ थरात तो सापडणं ही चांगली खूण.

लाकडी फळी किंवा कागद असेल तर?

ओकच्या फळीची वर्षवलयं मोजून शेवटचं वलय कोणत्या वर्षाचं ते सांगता येतं. सालीलगतचा मऊ थर सुतार काढून टाकत, म्हणून त्याची किमान वर्षं आणि लाकूड सुकवण्याचा काळ मिळवावा लागतो. मिळतं ते "याआधी रंगवलेलं असू शकत नाही" एवढंच. इटालियन चित्रांच्या पॉप्लर फळीला ही पद्धत सहसा लागू पडत नाही, वलयं फार थोडी असतात. तिथे दुसरा मार्ग निघतो: फ्रान्समधल्या कोंपिएन्य गावात एका स्वयंपाकघरात टांगलेली, २०१९ मध्ये ओळखली गेलेली, चिमाबुए या तेराव्या शतकातल्या इटालियन चित्रकाराची छोटी फळी त्याच मालिकेतल्या इतर फळ्यांशी जुळवताना कीड लागून झालेल्या भुयारांचाही आधार मिळाला.

कागद उजेडासमोर धरा. सरळ रेषांची जाळी नसलेला सपाट कागद युरोपात साधारण १७५७ पासूनचा. लाकडाच्या लगद्याचा कागद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनचा. अतिनील दिव्याखाली कागद निळसर पांढरा झगमगला तर त्यात उजळवणारी रसायनं आहेत, आणि ती साधारण १९५० नंतरची.

कार्बन डेटिंग करून घेऊ का?

एका प्रश्नासाठी जरूर: हे १९५५ नंतरचं आहे का? अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला आणि १९६३ च्या सुमारास शिगेला पोहोचला. त्यानंतरच्या लिननच्या धाग्यात किंवा जवसाच्या तेलात तो पकडता येतो. मात्र १६५० ते १९५० या पट्ट्यात उत्तर दोन-तीन वेगवेगळ्या काळांत विखुरतं, त्यामुळे "अठरावं शतक की एकोणिसावं" हे ठरवायला ही पद्धत बहुधा निकामी ठरते.

सगळं साहित्य जुनं निघालं. सिद्ध झालं ना?

नाही. साहित्याच्या तपासणीने एखादं नाव बाद करता येतं. नाव लावता येत नाही. त्याच काळात, त्याच शहरात, त्याच दुकानातले रंग घेऊन शिष्य आणि शेजारीही रंगवत होते. शिवाय जुनं साहित्य विकत मिळतं. हान व्हान मेगरेनने सतराव्या शतकातले कॅनव्हास खरवडून त्यावर व्हर्मीर या डच चित्रकाराच्या नावाची खोटी चित्रं रंगवली, रंगात बेकेलाइटसारखी राळ घालून भट्टीत भाजून कडक केली आणि भेगा पाडल्या. १९३७ मध्ये अब्राहम ब्रेडियस यांच्यासारख्या नामवंत अभ्यासकाने त्यातलं एक अस्सल ठरवलं. साहित्य, मालकीची साखळी आणि जाणकार नजर या तिन्हींचं उत्तर एकच आलं तरच दावा उभा राहतो.

कुणाचं मत ग्राह्य धरलं जातं?

त्या चित्रकाराचा कॅटलॉग रेझोने जो लिहितो आहे किंवा अद्ययावत करतो आहे, त्याचं. लिलावगृहंही त्याच व्यक्तीला किंवा संस्थेला विचारतात. काही चित्रकारांसाठी आता अधिकृत मत देणारं कुणी उरलेलंच नाही: वॉरहॉल आणि बास्किया यांच्या पडताळणी समित्या कज्जे आणि खर्च यांमुळे २०१२ पर्यंत बंद झाल्या. पैसे घेऊन "प्रमाणपत्र" देणाऱ्या अनोळखी तज्ज्ञाच्या कागदाला बाजारात किंमत नसते.

पाठवायचा प्रस्ताव दोन-तीन पानांचा असावा. मोजमाप, साहित्य, मालकीची साखळी, ज्या नोंदीशी जुळवता ती नोंद, चांगले फोटो. विरोधात जाणारे मुद्देही लिहा. ते लपवले आणि अभ्यासकाला सापडले, तर उरलेल्या कागदावरचा विश्वासही जातो.

लिलावाच्या कॅटलॉगमधल्या पायऱ्यांचा अर्थ काय?

नुसतं पूर्ण नाव म्हणजे त्यांच्या मते चित्रकाराचं स्वतःचं काम. "अट्रिब्यूटेड टू" म्हणजे बहुधा त्याचं. "स्टुडिओ ऑफ" म्हणजे त्याच्या कार्यशाळेतलं. "सर्कल ऑफ" म्हणजे त्या काळच्या, त्याच्या प्रभावातल्या कुणाचं. "फॉलोअर" आणि "मॅनर" अनुक्रमे आणखी लांब, "आफ्टर" म्हणजे ज्ञात चित्राची नक्कल. सहीबद्दल "साइन्ड" आणि "बेअर्स सिग्नेचर" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्याचा अर्थ सही दुसऱ्याने केली असावी. पायरी वर सरकू शकते. २०२१ मध्ये माद्रिदमध्ये रिबेरा या स्पॅनिश चित्रकाराच्या वर्तुळातलं म्हणून १,५०० युरोंपासून बोली लागणार असलेलं "एचे होमो" लिलावातून मागे घेतलं गेलं. ते काराव्हाजोचं असल्याचं अभ्यासकांनी म्हटलं आणि २०२४ मध्ये ते माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात लागलं.

एआय सांगेल का?

सध्या त्यावर निर्णय सोपवू नये. द ब्रेसी टोंडो या चित्राबाबत २०२३ मध्ये एका प्रणालीने राफाएलच्या बाजूने कौल दिला आणि दुसरीने विरोधात.

ब्राँझच्या शिल्पाचं काय?

तिथे प्रश्न "कुणाचं" याइतकाच "कधी ओतलं" हा असतो. तयार शिल्पावरून साचा काढून पुन्हा ओतलं की धातू थंड होताना आकसतो आणि प्रत साधारण दोन टक्क्यांपर्यंत लहान येते. म्हणून दोन ठळक बिंदूंमधलं अंतर कॅलिपरने मोजून ज्ञात अस्सल ओतकामाशी ताडून पाहा. तपशील बोथट आणि माप लहान, हे दोन्ही एकत्र दिसले तर भट्टीचा शिक्का कितीही सुबक असो, संशय घ्यावा.

ते चोरीचं निघालं तर?

हा तपास प्रयोगशाळेच्या आधी करावा. इंटरपोलचा चोरीच्या कलाकृतींचा साठा आयडी-आर्ट या अ‍ॅपवर मोफत शोधता येतो. आर्ट लॉस रजिस्टर शुल्क घेऊन शोधतं. नाझी काळात हिरावलेल्या वस्तूंसाठी जर्मनीतल्या मागडेबुर्ग येथील संस्थेचा लॉस्ट आर्ट साठा आहे. १९३३ ते १९४५ या काळात साखळीत पोकळी असेल तर ती मोकळेपणाने नोंदवा. साठ्यात चित्र सापडलं तर ते विकायचं नाही, परदेशी न्यायचं नाही, आधी वकिलाशी बोलायचं. चित्र देशाबाहेर तपासणीला पाठवण्यापूर्वी निर्यात परवाना लागतो का, हेही विचारून घ्या. महत्त्वाचं ठरलेलं चित्र परत बाहेर काढता न येण्याचे कायदे अनेक देशांत आहेत.

नकार आला, तर पुढे काय?

कारण लेखी मागा. "शैली पटत नाही" आणि "मूळ थरात नंतरचं रंगद्रव्य आहे" या दोन नकारांचं वजन सारखं नाही. पहिला नव्या कागदाने किंवा नव्या तपासणीने बदलू शकतो, माँमाजूरच्या चित्राबाबत तेच झालं. दुसरा बदलत नाही, आणि तिथे त्या नावावर आणखी खर्च करू नये. नवा पुरावा हाती आल्याशिवाय त्याच अभ्यासकाला पुन्हा लिहू नका.

फाइल मात्र जपा. नकाराचं पत्र, अहवाल, सगळे फोटो आणि नमुना नेमका कुठून घेतला त्याची खूण केलेला नकाशा एकत्र ठेवा आणि त्याची एक प्रत घराबाहेर ठेवा. चित्राच्या मागे यातलं काहीही चिकटवू नका.